विश्लेषण : कृत्रिम खुबा निकामी का होतो? स्वतःच्या मांडीत प्लास्टिक टोचून घेणारे सर्जन जॉन चार्नली यांची गोष्ट...

लासलगावला आमच्या आत्याच्या खुब्याचे ऑपरेशन होऊन सहा वर्षे झाली. गेल्या दिवाळीनंतर कांदाचाळीकडे जाता-येता ती पुन्हा लंगडू लागली. नाशिकला दाखवले तेव्हा डॉक्टरांनी तपासण्याआधीच विचारले, की आत कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा सांधा आहे. घरात कुणालाच सांगता येईना. जुन्या फाइलमध्ये बिल होते, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, एक्स-रेची पाकिटे होती. इम्प्लांटच्या खोक्यावर मॉडेल आणि बॅच क्रमांकाचे जे स्टिकर असते, ते मात्र कुणी फाइलला चिकटवलेच नव्हते.

फ्रिज घेतला तरी त्याचे वॉरंटी कार्ड आपण कपाटात जपून ठेवतो. शरीरात आयुष्यभरासाठी बसवलेल्या वस्तूचे नाव मात्र माहीत नसते. ते माहीत असणे का गरजेचे, हे समजून घ्यायला ज्यांनी आजचा कृत्रिम खुबा घडवला त्या सर जॉन चार्नली यांचे आयुष्य पाहावे लागते. त्यांच्या नावावर जितके यश आहे, तितकेच एक मोठे आणि उघडपणे कबूल केलेले अपयशही आहे.

कोण होते जॉन चार्नली?

जन्म २९ ऑगस्ट १९११, इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या बरी या कापड गिरण्यांच्या गावात. वडिलांचे औषधांचे दुकान, आई परिचारिका. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी एफआरसीएस. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय सेवेत असताना त्यांची नेमणूक कैरोला झाली. तिथे लष्करी वर्कशॉपमधल्या मेकॅनिकल इंजिनीअरांच्या मदतीने त्यांनी जखमी सैनिकांसाठी पायाचे आधार आणि शस्त्रक्रियेची अवजारे बनवून घेतली. लेथ मशिनची गोडी तिथे लागली ती कायमची.

युद्धानंतर ऑस्वेस्ट्रीच्या अस्थिरोग रुग्णालयात काम करताना हाडाचे कलम कसे जुळते, हा प्रश्न त्यांना पडला. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकरवी स्वतःच्याच नडगीवर शस्त्रक्रिया करून घेतली. जखम चिघळली, हाडात संसर्ग झाला आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागले. हा माणूस कोणत्या मातीचा होता, हे तेव्हाच दिसले होते. पुढे १९४७ मध्ये ते मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत सल्लागार सर्जन झाले. मोडलेली हाडे चिरफाड न करता कशी बसवावीत यावरचे त्यांचे १९५० मधील पुस्तक जगभरच्या अस्थिरोग विभागांत वापरले गेले. इथेच थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते.

वाजणाऱ्या खुब्याने काय शिकवले?

खुबा हा उखळीचा सांधा, हे आपण शाळेत शिकलो. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. संधिवात, जुना मार किंवा रक्तपुरवठा तुटणे यामुळे हा गोळा आणि वाटी खराब होतात. त्यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न १९व्या शतकापासून सुरू होते. हस्तिदंत, काच, धातू असे सगळे वापरून झाले होते. १९४६ पासून फ्रान्समधील ज्यूडे बंधू अॅक्रिलिक प्लास्टिकचा गोळा बसवत होते. सुरुवातीला रुग्ण खूश असत, काही वर्षांत गोळा सैल होई.

असाच ज्यूडे सांधा बसवलेला एक रुग्ण चार्नलींकडे आला. त्याचा खुबा करकर वाजत असे. जेवणाच्या टेबलावर तो पुढे वाकला की आवाज येई आणि बायकोला त्याच्याजवळ बसणे नकोसे होई. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने ही तक्रार हसण्यावारी नेली असती. चार्नलींनी तिचा अर्थ वेगळा लावला. आवाज येतो म्हणजे घर्षण जास्त आहे. घर्षण जास्त म्हणजे प्रत्येक पावलाला गोळ्याचा दांडा हाडात पिळला जातो. असा रोज हजारो वेळा पिळला गेलेला दांडा सैल होणारच. रुग्णाच्या घरगुती तक्रारीतून त्यांनी यंत्रशास्त्रातला प्रश्न काढला.

प्राण्यांचे सांधे घेऊन त्यांनी घर्षण मोजले. निरोगी कूर्चेचे घर्षण बर्फावर बर्फ घसरण्यापेक्षाही कमी निघाले. असा निसरडेपणा देणारे कृत्रिम द्रव्य त्या काळी एकच डोळ्यांसमोर होते, ते म्हणजे टेफ्लॉन. आपल्या नॉनस्टिक तव्यावर असते तेच.

टेफ्लॉनच्या ३०० रुग्णांचे काय झाले?

या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग हाच. विगनजवळच्या रायटिंग्टन या जुन्या क्षयरोग रुग्णालयात चार्नलींनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभे केले. शेजारीच प्रयोगशाळा आणि वर्कशॉप होते. १९५८ पासून ते पोलादी गोळा आणि टेफ्लॉनची वाटी अशी जोडी बसवू लागले. निकाल थक्क करणारे होते. वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले लोक काही आठवड्यांत काठी टाकून चालू लागले. सुमारे ३०० रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली.

दोन-तीन वर्षांत एकेक जण परत येऊ लागला. एक्स-रेमध्ये दिसत होते, की धातूचा गोळा टेफ्लॉनच्या वाटीत खोल रुतला आहे. टेफ्लॉन निसरडे होते, पण चिवट नव्हते. प्रत्येक पावलागणिक त्याचा चुरा होत होता. हा चुरा शरीराला परका. त्याला गिळायला आलेल्या पेशींमुळे सांध्याभोवती दाट, चीजसारख्या गाठी साचल्या होत्या आणि आजूबाजूचे हाड विरघळत होते.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला घर्षण आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे परीक्षेपुरते शिकवले होते. कमी घर्षण म्हणजे कमी झीज, असे गृहीत धरणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत हमखास अडकायचा. चार्नलींची चूक अगदी हीच होती. फरक इतकाच की त्यांची उत्तरपत्रिका ३०० माणसांच्या शरीरात होती.

त्यांनी १९६२ मध्ये टेफ्लॉन बंद केले. परत आलेल्या रुग्णांना दुसऱ्या कुणाकडे ढकलले नाही. बिघडलेले सांधे स्वतःच पुन्हा उघडले आणि प्रत्येकाला काय झाले ते सांगितले. प्रत्येक ऑपरेशनच्या टेबलावर त्यांना आपलीच चूक दिसत होती. काढलेल्या वाट्या त्यांनी टाकून दिल्या नाहीत. मापे घेतली, झीज मोजली, निष्कर्ष प्रसिद्ध केले.

गाठी खरोखर टेफ्लॉनच्या चुऱ्यामुळेच होतात का? हे पाहण्यासाठी त्यांनी टेफ्लॉनचे आणि दुसऱ्या एका प्लास्टिकचे कण स्वतःच्या मांडीत घातले. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठ हाताला लागत होती, दुसरीकडे काहीच जाणवत नव्हते. हे निरीक्षण त्यांनी १९६३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले. आजच्या संशोधन नियमांत हा प्रयोग बसणार नाही आणि एका माणसावरून निष्कर्ष काढू नये हेही खरे. पण ३०० जणांवर वापरलेले द्रव्य त्यांनी स्वतःवरही वापरून पाहिले, याची नोंद घ्यावीच लागते.

मागावरचे गिअर खुब्यात कसे आले?

ते दुसरे प्लास्टिक कुठून आले? श्रेय हॅरी क्रेव्हन या रायटिंग्टनच्या तंत्रज्ञाला जाते. लँकेशायरच्या कापड गिरण्यांमधील यंत्रमागांसाठी प्लास्टिकचे गिअर विकणारा एक विक्रेता १९६२ मध्ये वर्कशॉपमध्ये आला आणि नव्या द्रव्याचा तुकडा दाखवून गेला. ते होते जास्त रेणुभाराचे पॉलिएथिलीन. कॅरीबॅगच्या प्लास्टिकचे दूरचे, पण कमालीचे चिवट भावंड. चार्नलींनी नखाने दाबून पाहिले आणि यावर वेळ घालवू नको असे क्रेव्हनला बजावले.

साहेब परदेशी गेल्यावर क्रेव्हनने तुकडा झीज मोजायच्या यंत्राला लावलाच. यंत्र रात्रंदिवस चालले. तीन आठवड्यांनंतर जी झीज दिसली, ती टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी होती. चार्नलींनी परत आल्यावर आपले मत तिथल्या तिथे बदलले. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिएथिलीनची पहिली वाटी रुग्णाला बसली. (मालेगाव-येवल्याच्या मागांवर वाढलेल्या कुणालाही हे ऐकून बरे वाटेल.)

आज जगभर बसणाऱ्या बहुतेक खुब्यांच्या वाट्या याच प्लास्टिकच्या सुधारित रूपाच्या आहेत.

गोळा लहान आणि सिमेंट कशासाठी?

आधीचे कृत्रिम गोळे नैसर्गिक आकाराचे, म्हणजे चाळीस मिलिमीटरच्या आसपास असत. चार्नलींनी तो २२ मिलिमीटरवर आणला. हिशेब साधा आहे. पान्याचा दांडा जितका लांब, तितका नटवर पीळ जास्त. गोळ्याची त्रिज्या म्हणजे हा दांडा. ती अर्ध्यावर आणली की हाडावर येणारा पीळही निम्मा होतो. शिवाय प्रत्येक पावलाला घासले जाणारे अंतर कमी, म्हणून चुराही कमी. तोटा असा की लहान गोळा वाटीतून निखळण्याची भीती वाढते. ही देवाणघेवाण पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

दांडा हाडात घट्ट बसवण्यासाठी त्यांनी दंतवैद्यांचे अॅक्रिलिक सिमेंट घेतले. मँचेस्टरच्या दंत महाविद्यालयातील डेनिस स्मिथ यांनी ते सुचवले होते. याला फेव्हिकॉल समजू नये. फरशीखाली गवंडी जसा माल भरतो, तसे ते पोकळी भरून भार सगळीकडे सारखा वाटते.

संसर्ग कसा आटोक्यात आला?

सुरुवातीच्या काळात रायटिंग्टनमध्येही १०० पैकी सातहून अधिक सांध्यांना संसर्ग होई. कृत्रिम सांध्याचा संसर्ग म्हणजे बहुतेकदा सांधा काढावाच लागतो. जंतू ऑपरेशन थिएटरच्या हवेतून आणि तिथे उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावरून पडतात, असा चार्नलींचा कयास होता. गाळलेल्या हवेच्या यंत्रणा बनवणाऱ्या हॉवर्थ या इंजिनीअरच्या मदतीने त्यांनी थिएटरच्या आत काचेची छोटी खोली उभारली. वरून स्वच्छ हवा सतत खाली सोडली. सर्जनचा उच्छ्वास नळीने बाहेर खेचणारा अंगभर पोशाख तयार केला. सहकाऱ्यांनी त्या खोलीला ग्रीनहाऊस म्हणून चेष्टेवारी नेले. १९७० च्या दशकात संसर्ग एक टक्क्याच्या खाली आला. नाशिकच्या मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातीत आज जे लॅमिनार फ्लो थिएटर असते, त्याचे मूळ हे.

विक्री रोखून का धरली?

पॉलिएथिलीनचा सांधा यशस्वी होतो आहे हे दिसताच मागणी सुरू झाली. चार्नली मात्र टेफ्लॉनने पोळलेले होते. लीड्सची चार्ल्स एफ. थॅकरे ही कंपनी त्यांचा सांधा बनवत होती. तिने तो कुणालाही विकू नये, अशी त्यांची अट होती. रायटिंग्टनला येऊन पद्धत शिकलेल्या सर्जनलाच तो मिळे. काही वर्षांचे निकाल हाती आल्याशिवाय त्यांनी दार पूर्ण उघडले नाही.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे त्यांनी रुग्णांना विचारून ठेवले होते, की मृत्यूनंतर हा सांधा काढून अभ्यासायला द्याल का. अनेकांनी होकार दिला. उत्तम चाललेला सांधाही दहा-पंधरा वर्षांनी आतून कसा दिसतो, हे जगाला त्यातून कळले. ज्या रुग्णांना काही त्रासच नाही, त्यांची माहिती सहसा कुणाकडे नसते.

१९७४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९७७ मध्ये सर किताब. ५ ऑगस्ट १९८२ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने आपल्याकडच्या २,००० चार्नली सांध्यांचा हिशेब २००२ मध्ये मांडला. २५ वर्षांनंतर सुमारे ८१ टक्के सांधे काढावे किंवा बदलावे लागले नव्हते.

चार्नलींनाही न दिसलेले काय होते?

पॉलिएथिलीनचाही चुरा होतो, फक्त फार हळू आणि फार बारीक. १९७०-८० च्या दशकांत सैल झालेल्या सांध्यांभोवतीचे हाड पोखरलेले दिसे आणि दोष सिमेंटला दिला जाई. नंतर कळले, की चोर सिमेंट नसून प्लास्टिकचे सूक्ष्म कण आहेत. टेफ्लॉनचीच गोष्ट, पण संथ गतीने.

इथे लासलगावचा धागा जुळतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचे कृषक हे विकिरण केंद्र लासलगावला २००२ पासून आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे मोड थांबवायचे, हा त्याचा उद्देश. पुढे अमेरिकेला जाणारा हापूसही तिथून जाऊ लागला. पॉलिएथिलीनच्या वाट्या निर्जंतुक करायलाही हेच गॅमा किरण वापरतात, फक्त मात्रा कांद्याच्या शेकडो पट. अनेक वर्षे हे काम साध्या हवेत होत असे. किरणांनी प्लास्टिकचे रेणू तुटत, हवेतला ऑक्सिजन त्यांना चिकटे आणि खोक्यात पडून असलेली वाटी वापरण्याआधीच ठिसूळ होऊ लागे. हे १९९० च्या दशकात उमगल्यावर ऑक्सिजन काढून निर्जंतुकीकरण होऊ लागले. आणखी जास्त मात्रा देऊन नंतर प्लास्टिक तापवले, तर तुटलेले रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि झीज बरीच घटते, हेही समजले. आजच्या क्रॉस-लिंक्ड वाट्या याच पद्धतीने बनतात.

मग एएसआर प्रकरणात काय घडले?

प्लास्टिकच्या चुऱ्याला कंटाळून काही उत्पादकांनी वाटीही धातूची केली. गोळा पुन्हा मोठा केला, म्हणजे तो निखळणार नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर झीज नगण्य होती. २००३ च्या सुमारास बाजारात आलेला डीप्यू कंपनीचा एएसआर हा असाच कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा. त्याची वाटी उथळ होती. ती बसवताना थोडी जरी कलली, तरी गोळा कडेवर घासे आणि धातूचे सूक्ष्म कण रक्तात आणि स्नायूंत उतरत. पेशी मरत, द्रव साचे, असह्य वेदना होत.

डीप्यूने १९९० मध्ये जी कंपनी विकत घेतली, ती होती लीड्सची थॅकरे. चार्नलींचा सांधा बनवणारी, त्यांच्या अटीवर विक्री रोखून धरणारी. डीप्यू १९९८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेली. कारखान्याचा वारसा तोच राहिला. चार्नलींची सावधगिरी मात्र त्यासोबत आली नाही.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवहीत एएसआरचे आकडे आधीच बिघडलेले दिसत होते. ब्रिटनच्या नोंदवहीनुसार पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के सांधे पुन्हा बदलावे लागले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. तोवर सुमारे ९३,००० रुग्णांना तो बसला होता.

भारतात हा आकडा सुमारे ४,७०० होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. देशातली ही पहिल्या काही हालचालींपैकी एक. आयात परवाना २०१२ मध्ये रद्द झाला. केंद्राने डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती २०१७ मध्ये, अहवाल आला फेब्रुवारी २०१८ मध्ये. अमेरिकेत तोवर सुमारे ८,००० रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड होऊन चार वर्षे उलटली होती. भारतात ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचे सूत्र २०१८ च्या अखेरीस ठरले. कंपनीने त्याला आव्हान दिले. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ६७ पडताळलेल्या रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी तिने दाखवली.

४,७०० आणि ६७ यांमधली दरी कशाने पडली? सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कुणाला काय बसवले, याची एकत्रित नोंद नव्हती. सांधा शरीरात आहे, पण कागद नाही, अशी ही माणसे. त्यातल्या काहींना आपल्या दुखण्याचे कारण अजूनही माहीत नसेल.

आता रुग्णांनी काय पाहावे?

वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला, उपकरणांचे स्वतंत्र नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. तरी जवळपास प्रत्येक खुब्याची नोंद करणारी स्वीडन किंवा ऑस्ट्रेलियासारखी व्यवस्था आपल्याकडे उभी राहिलेली नाही. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी वाटी, गोळा आणि दांडा या तिन्हींची स्टिकर मागून घ्यावीत, मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघातिघांकडे ठेवावेत. जांघेत किंवा मांडीत नव्याने सुरू झालेले दुखणे, लंगडणे, सूज, करकर आवाज ही एक्स-रे काढून घेण्याची कारणे आहेत. सांधा धातूवर धातू प्रकारचा असेल, तर रक्तातील कोबाल्ट आणि क्रोमियम तपासतात. काहीच त्रास नसला तरी ठरावीक वर्षांनी एक्स-रे हवा, कारण हाड पोखरले जाते तेव्हा बराच काळ दुखत नाही.

आत्याच्या सांध्याचा शोध महिनाभर चालला. जिथे ऑपरेशन झाले होते, तिथे आधी फाइल निकाली काढली असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला एका जुन्या परिचारिकेने थिएटरचे रजिस्टर काढून दिले. त्या तारखेच्या पानावर तीन स्टिकर चिकटवलेली होती, एकाचा कोपरा फाटलेला. वाटी क्रॉस-लिंक्ड पॉलिएथिलीनची निघाली. फोटो नाशिकच्या डॉक्टरांना पाठवला आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी एक्स-रेसाठी बोलावले.